आकडे डोक्यात धरून निर्णय घेताना या चुका टाळा

तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारा माणूसही शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर गंडतो. त्याचं गणित कच्चं असतं असं नाही. तिथे तो गणित करतच नाही. आकडा कानावर पडला की डोकं आधी जवळपास पडलेला दुसरा आकडा किंवा आठवणीतला एखादा किस्सा उचलतं, त्याच्याशी ताडून बघतं आणि ‘बरोबर वाटतंय’ म्हणून मोकळं होतं. भाजी घेताना हे चालून जातं. घर, कर्ज, दवाखाना यांत महागात पडतं.

पहिल्या आकड्याला लटकणं

डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या गाजलेल्या शोधनिबंधात एक साधा प्रयोग आहे. शाळकरी मुलांच्या एका गटाला १×२×३ असा आठपर्यंत चढत जाणारा, तर दुसऱ्याला ८×७×६ असा एकपर्यंत उतरणारा गुणाकार दिला. वेळ फक्त पाच सेकंद. पहिल्या गटाचा मधला अंदाज आला ५१२, दुसऱ्याचा २,२५०. खरं उत्तर ४०,३२०. सुरुवातीला जे दोन-चार आकडे हाती लागले, त्यांच्याच आसपास दोन्ही गट घुटमळले.

फ्लॅटचा एजंट ‘ऐंशी लाख’ म्हणतो आणि आपण घासाघीस करून त्याला शहात्तरवर आणतो, तेव्हाही हेच झालेलं असतं. चार लाख वाचवल्याच्या आनंदात ऐंशी आले कुठून हे विचारायचं राहून जातं. म्हणून फ्लॅट बघायला जाण्याआधीच त्या सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर शोधा, चौरस फुटाचा भाव काढा आणि आपला आकडा वहीत लिहूनच घराबाहेर पडा. (रोखीचा भाग कागदावर दिसत नाही, हे ज्याचं त्याने धरून चालावं.) नुसता रेडी रेकनर बघून भागत नाही, तो मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आहे, बाजारभाव नव्हे.

‘फक्त दहा टक्के’ ऐकून सही करणं

गृहकर्जाचे दर आपल्या डोक्यात बसलेले असतात. त्यामुळे गाडीच्या किंवा वैयक्तिक कर्जाला ‘दहा टक्के, फ्लॅट’ ऐकलं की डोकं त्याच्याशीच तुलना करतं. ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, हा शब्द कानावरून निघून जातो.

एक लाख रुपये, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज ३०,०००, एकूण फेड १,३०,०००, महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११. पण लाख रुपये तीन वर्षं तुमच्याकडे नसतातच. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल उतरत जातं, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागत राहतं. तोच हप्ता उतरत्या शिलकीच्या हिशोबाने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मांडला तर दर जवळपास १८ टक्के निघतो. गृहकर्जाशी तुलना करायची ती या अठराची. वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळीच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो कागद मागा. टेबलापलीकडचा माणूस हप्त्याबद्दलच बोलत राहिला, तर समजून जा.

मायलेजच्या आकड्यांची वजाबाकी करणं

ही चूक शिकल्यासवरल्या लोकांचीही होते. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी ‘सायन्स’मध्ये ती दाखवून दिली. आपल्याकडची उदाहरणं घेऊ. जुनी जीप लिटरला १० किलोमीटर जाते, तिच्या जागी साडेबाराची गाडी घेतली. दुसऱ्या घरात ४० ची बाईक देऊन ६० ची आणली. जास्त इंधन कुणाचं वाचलं? डोकं म्हणतं, बाईकवाल्याचं. अडीचपेक्षा वीस मोठे. आता दोघांनाही हजार किलोमीटर चालवा. जीपवाल्याचं इंधन १०० लिटरवरून ८० वर आलं, वाचले २०. बाईकवाल्याचं २५ वरून सुमारे १६.७ वर, वाचले जेमतेम सव्वाआठ.

म्हणून गाड्यांची तुलना ‘लिटरला किती किलोमीटर’ने न करता ‘माझ्या महिन्याच्या धावण्याला किती लिटर’ने करा. घरात दोन गाड्या असतील तर आधी कुठली बदलायची, याचं उत्तर अनेकदा उलटं येतं.

सेलच्या ‘५०% + २०%’ पाटीबद्दल एवढंच: ती सूट सत्तर नाही, साठ टक्के. वीस टक्के उरलेल्या निम्म्या किमतीवर मिळतात.

पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे नव्वद टक्के रोग असं धरणं

समजा, एक रोग हजारात दहा जणांना आहे. तपासणी त्यातले नऊ पकडते, पण निरोगी माणसांपैकीही नऊ टक्क्यांना ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर रोग असण्याची शक्यता किती? जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेंझर यांनी मॅमोग्राफीबद्दल असाच प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांना घातला, तेव्हा त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी नव्वदच्या आसपास उत्तर दिलं. टक्के बाजूला ठेवून माणसं मोजा. रोग असलेले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९० पैकी सुमारे ८९ पॉझिटिव्ह. एकूण ९८, त्यात खरे ९. म्हणजे अकरात एक. रिपोर्ट फेकून द्यायचा नाही, पुढची खात्रीची तपासणी करायचीच. पण डॉक्टरांना ‘माझ्यासारख्या हजार जणांत किती?’ असं विचारा.

जे पटकन आठवतं तेच जास्त घडतं असं मानणं

जुन्नरकडे रात्रीची लाइट आली की शेतकरी पाणी द्यायला निघतो. हातात बॅटरी, काठी, सोबतीला माणूस, सगळी तयारी बिबट्यासाठी. भीती खोटी नाही, तिथे हल्ले झालेत. पण पायात साधी चप्पल असते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बिबट्याची बातमी जिल्हाभर फिरते, सापाची वस्तीबाहेर जात नाही, म्हणून आठवण बिबट्याची येते. गमबूट घाला, काठीही असू द्या.

लांब आकडा एका दमात सांगणं

डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. आधारचे १२ आकडे चार-चारच्या गटांत छापलेले असतात, तसाच खाते क्रमांक गट पाडून सांगा, आणि एकेक अंक सुटा. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ फोनवर सहज गल्लत करतात. पैसे पाठवण्याआधी समोरच्याकडून तो आकडा परत वाचून घ्या.