त्याच गाण्यांची नवी प्रत घेण्याआधी

१९८६ च्या दिवाळीत दादाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून डायर स्ट्रेट्स या बँडच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची एलपी आणली. मी तेव्हा आठवीत होते. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, पण ती एलपी अजून माझ्याकडे आहे. पुढे मी याच अल्बमची सीडी घेतली, मग एसएसीडी (सीडीसारखीच, पण आवाज जास्त बारकाईने साठवणारी तबकडी), आणि शेवटी हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांची, फाइल विकत उतरवून घेतली. म्हणजे एकाच अल्बमसाठी मी तीनदा पैसे मोजले, आणि त्यातले दोनदा कारणी लागले. तिसऱ्यांदा का लागले नाहीत हे समजायला मला बरीच वर्षं गेली. हल्ली भाचा जुन्या अल्बमांच्या ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ अशा आवृत्त्या दाखवून विचारतो, ‘मावशी, घेऊ का?’ त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते.

सुरुवात त्या आकड्यापासून करू. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. स्वर या नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचेच बसतात, म्हणजे सीडीत साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे. तरुण, निरोगी कानाची मजल २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. माझं वय ५२. मी मोजून पाहिलंय, मला १३ च्या पुढचं काही ऐकू येत नाही. १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. सत्तरच्या दशकातल्या चांगल्या स्टुडिओ टेपची स्वतःची खरखर धरली तर तिच्यात एवढं अंतर नसतंच. म्हणजे त्या काळचा अल्बम सीडीच्या डब्यात आरामात बसतो. मोठा डबा आणला म्हणून आतलं पीठ वाढत नाही.

यावर प्रयोगही झालेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी एसएसीडीचा आवाज मधेच सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही, त्यांची उत्तरं नाणं उडवल्यासारखी निम्मी-निम्मी आली. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा थोडासा फरक दिसला. कान तयार केलेल्या लोकांत तो जरा जास्त होता. दोन्ही निकाल माझ्या अनुभवाशी जुळतात. फरक असलाच तर फार बारीक आहे, आणि निव्वळ त्याच्यासाठी कुणी पैसे घालू नयेत.

तरीही काही नव्या आवृत्त्या ऐकताना अंगावर काटा येतो, हेही तितकंच खरं. तो काटा आकड्यामुळे येत नाही. कुठल्या टेपवरून काम झालं, कुणी केलं, आणि आवाज किती दाबला, यामुळे येतो. म्हणून पैसे देण्याआधी चौकशी करायची ती या तीन गोष्टींची.

पहिली चौकशी टेपची. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत सोनीच्या २४ ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला, १६ बिटांत. हे कळल्यावर मी विकत घेतलेल्या ९६ किलोहर्ट्झच्या फाइलकडे पुन्हा पाहिलं. त्या बेटावर जे टिपलंच गेलं नव्हतं, ते २० वर्षांनी कुठून येणार? ऐंशीच्या दशकात डिजिटलवर झालेल्या कुठल्याही अल्बमचं असंच असतं. तिथे नव्या प्रतीत बदलते ती फक्त मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्याची निवड, म्हणजे खर्ज थोडा वाढव, वरचे स्वर थोडे मऊ कर. ती आवडली तर जरूर घ्या, पण तिच्यासाठीच घ्या.

टेपवर झालेल्या अल्बमची गोष्ट निराळी, आणि इथे मला फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ मध्ये सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये त्याचं काम सुरू झालं. एकावर एक थर चढवताना टेप इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लोहाचा लेप झडू लागला. ड्रमचा ठसठशीतपणा गेला, वरचे स्वर बोथट झाले. सुदैवाने मूळ वादन दोन यंत्रांवर एकाच वेळी टिपलेलं होतं आणि दुसरी टेप जवळपास न वापरलेली होती. मग झिजलेल्या टेपवरचं गाणं आणि गिटार त्या ताज्या टेपवर उतरवायचं ठरलं. दोन यंत्रं आपोआप एका वेगाने चालवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. एका तंत्रज्ञाने एका कानात एका टेपचे ड्रम आणि दुसऱ्या कानात दुसरीचे घेतले आणि हाताने वेग कमीजास्त करत दोन्ही जुळवून ठेवल्या, एकेका गाण्यासाठी. आज तुम्ही ऐकता तो ड्रम त्या दुसऱ्या टेपचा आहे. हा अल्बम २००१ मध्ये डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकडीवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये आला, आणि तो घ्यावा असं मी कुणालाही सांगेन. पण झिजलेल्या टेपवरून जेवढं गेलं तेवढं गेलंच, ते कुठलाही आकडा परत आणत नाही.

टेपचा वेग हीही बघायची गोष्ट. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण २ मार्च १९५९ ला झालं, तेव्हा मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढे लागतात. तीसेक वर्षं जगाने ती बाजू चढ्या सुरात ऐकली. नव्वदच्या दशकात, त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून ती दुरुस्त झाली. आपल्याकडे तंबोरा लावून बसणाऱ्याला हा फरक सांगावा लागणार नाही. जुनी सीडी आणि नंतरची आवृत्ती यांत काय घ्यावं, तर इथे नंतरची, मग ती साध्या सीडीवर का असेना.

ही माहिती मिळते कुठे? पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत. मास्टरिंग कुणी केलं त्याचं नाव, कुठलं साल, आणि ‘मूळ अॅनालॉग मास्टर टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. नुसतं ‘रीमास्टर’ छापून बाकी गप्प बसले असतील तर मी थांबते. आणखी एक शब्द नीट वाचा, रीमिक्स. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या मिश्रणाला पॉलिश होतं. रीमिक्समध्ये मूळ सुटे ट्रॅक उघडून सगळं नव्याने मांडतात. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन यांनी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं तसंच केलं. मला ते फार आवडतं, पण १९६७ चा तो अल्बम नव्हे. दोन्ही जवळ असावेत असं माझं मत आहे.

आता फाइल तपासणं. काही वर्षांपूर्वी एका साइटवरून मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा एक जुना अल्बम घेतला. ऐकताना काहीच नवं वाटेना. तेव्हा ‘स्पेक’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवला आणि फाइल त्यात टाकली. आडवा वेळ, उभे स्वर, आणि जिथे आवाज आहे तिथे रंग, असं चित्र दिसतं. माझ्या चित्रात खालपासून २२ किलोहर्ट्झपर्यंत रंग होता आणि तिथे फूटपट्टीने कापल्यासारखी सरळ रेघ. वर ४८ पर्यंत नुसता काळोख. सीडीची फाइल फुगवून मोठ्या डब्यात भरली होती. मी तक्रार केली. पैसे परत आले नाहीत, पण तेव्हापासून पहिलं गाणं उतरलं की आधी स्पेक उघडते.

खऱ्या टेपवरून उतरवलेल्या फाइलमध्ये रंग वर जाताना हळूहळू विरत जातो, सांज उतरावी तसा. झांज वाजली की २५, कधी ३० किलोहर्ट्झपर्यंत उभे तुरे दिसतात. १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास गाणंभर एक केसाएवढी आडवी रेघ दिसली तर घाबरू नका, स्टुडिओतल्या जुन्या टीव्हीची शिट्टी टेपवर आली आहे. मला ती रेघ दिसली की उलट बरं वाटतं. आणि वरच्या टोकाला, २५-३० च्या पुढे, धुकं दाट होत गेलं असेल तर फाइल एसएसीडीच्या डीएसडी या साठवण्याच्या पद्धतीवरून केलेली आहे. त्या पद्धतीत गोंगाट ऐकू न येणाऱ्या भागात ढकलतात, तो तिथे साठतो. त्याला संगीत समजून खूश होऊ नका.

दुसरी तपासणी दाबाची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा मोठ्याने वाजावा म्हणून शिखरं कापायची आणि हलके भाग वर उचलायचे, असं सुरू झालं. जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्याही त्यात सापडल्या. ‘ऑडॅसिटी’ या फुकट प्रोग्रॅममध्ये गाणं उघडा. लहरीचं चित्र डोंगररांगेसारखं दिसलं तर छान. विटांच्या भिंतीसारखं सपाट दिसलं तर ती प्रत सोडा, मग तिच्यावर १९२ लिहिलेलं असो. ऐंशीच्या दशकातल्या साध्या सीडीवर पुष्कळदा ही रांग शाबूत असते.

यातूनच तुलनेचा मोठा घोळ होतो. २००३ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची एसएसीडी आली. एकाच तबकडीत दोन थर, एक हाय-रेझ आणि एक साध्या सीडीचा. दोन्ही ऐकून लोक म्हणत, बघा किती फरक आहे. पण सीडीच्या थरावर आवाज जास्त दाबलेला होता. फरक मास्टरिंगचा होता, श्रेय आकड्याला मिळत होतं.

खरी तुलना घरी करता येते. हाय-रेझ फाइल घ्या आणि तिचीच १६ बिट, ४४.१ ची प्रत स्वतः तयार करा. विंडोजवर ‘फूबार २०००’ हा प्रोग्रॅम हे काम करतो. मग त्यातच एबीएक्स हा जोड प्रोग्रॅम टाका. तो ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवतो, मग नाव न सांगता ‘क्ष’ ऐकवतो, आणि तुम्ही ओळखायचं. त्यातली रीप्लेगेन ही सोय चालू करून दोन्हींच्या आवाजाची पातळी समान करा. अर्ध्या डेसिबलने मोठी असलेली प्रतही कानाला जास्त मोकळी वाटते. १६ वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते केवळ नशिबाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला खरंच काही ऐकू येतंय. तुकडा दहा सेकंदांचाच घ्या. मी ‘रूमर्स’मधल्या ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’चा, नुसत्या बोटांनी छेडलेल्या गिटारचा घेते. तारा ताज्या वाजाव्यात म्हणून त्या गाण्याला दर २० मिनिटांनी बदलत होते, इतका तो आवाज उघडा आहे. मला १६ पैकी ९ आले. भाच्याला १० आले. दोघांनीही मग त्या आकड्याचा नाद सोडला.

वाजवायच्या सामानाबद्दल थोडक्यात सांगते. ब्लूटूथवर हाय-रेझ पोचत नाही. ब्लूटूथची एलडॅक ही पद्धतही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेते, आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला, फाइल आकसण्याआधी, ४,६०८ लागतात. तारेचे हेडफोन वापरा. बरेच अँड्रॉइड फोन सगळं ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून सोडतात, ते टाळायचं तर यूएसबी डॅक (फाइलचे आकडे आवाजात बदलणारी बाहेरची छोटी पेटी) आणि त्याच्याशी थेट बोलणारं अॅप लागतं. अॅपल म्युझिकवर २०२१ पासून जादा पैसे न घेता २४ बिट, १९२ पर्यंत मिळतं, तेव्हा विकत घेण्याआधी तिथे ऐकून बघा. जागेचा हिशेब: ५५ मिनिटांचा अल्बम २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता आकसलेली फाइल) साधारण एक जीबी. पैसे मोजकेच असतील तर ते आधी हेडफोनवर घाला. चांगल्या हेडफोनवर साधी सीडी ऐकली तर जो फरक जाणवतो, तो मला कुठल्याच फाइलने दिलेला नाही.

आता माझे कारणी लागलेले पैसे. सीडीचे लागले, कारण एलपीच्या दोन बाजूंत मावावीत म्हणून ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची काही गाणी आखूड केली होती. एलपी ४७ मिनिटांची, सीडी ५५. ती आठ मिनिटं मी पहिल्यांदा सीडीवर ऐकली. २००५ च्या एसएसीडीचेही लागले, कारण तीवर चक एन्ले यांनी सुट्या ट्रॅकवरून पाच स्पीकरांसाठी नवं मिश्रण केलं आहे. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. नवी मांडणी तिथे खरोखर होती.

म्हणून नवी प्रत आली तरी जुनी सीडी रद्दीत देऊ नका. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा माहितीच्या ओळीबरोबर धावतो आणि यंत्राला भरून काढता येत नाही. मग ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये उतरवा. तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी बिट-बिट जुळते का, हे तो अॅक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदींवरून सांगतो. जुळली की फाइलच्या नावात सीडीचं साल घाला आणि दोन ठिकाणी साठवा. पुढे कधीही नवी आवृत्ती आली, की तुलनेला हीच काढायची.