आहे त्याची जाणीव ठेवण्याची सवय कशी लावावी

दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद राहणार असे कळले, की पुण्यात आदल्या रात्रीच घरोघरी पिंपे, बादल्या आणि कळश्या भरून ठेवल्या जातात. शुक्रवारी नळाला पहिली धार आली की ज्या समाधानाने आपण तिच्याकडे पाहतो, ते मात्र शनिवारपर्यंतही टिकत नाही. खडकवासल्याचे पाणी तेच असते, फक्त आपल्या अंगवळणी पडलेले असते. जे अंगवळणी पडले आहे ते पुन्हा नजरेत आणणे, एवढेच या सरावात करायचे आहे.

सुरुवातीला एक साधी वही घ्यावी आणि लिहिण्याची वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावी, उदाहरणार्थ रात्री ओटा आवरून झाल्यावर. दिवसभरात नीट पार पडलेल्या तीन गोष्टी लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती का घडली, हेही लिहावे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून हाच सराव एक आठवडा करून घेतला होता आणि त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला होता. माझ्या मते सगळे मर्म त्या ‘का’मध्ये आहे. ‘घर आहे, तब्येत बरी आहे’ अशा मोघम नोंदी चौथ्या दिवशी पाठ म्हटल्यासारख्या होतात. याउलट ‘स्वारगेटला मी धावत येताना पाहून कंडक्टरने बेल देऊन बस थांबवली’ असे लिहिले, की त्या गोष्टीमागचा माणूस समोर उभा राहतो.

पहिल्या आठवड्यानंतर रोज लिहिण्याचा अट्टहास धरू नये. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अशाच एका प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना अधिक लाभ झालेला आढळला. रविवारची सकाळ पुरेशी आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे वहीतले मनोगत त्या माणसापर्यंत पोहोचवणे, आणि आपल्याकडे नेमके हेच अवघड जाते. घरात आईला किंवा वहिनींना ‘धन्यवाद’ म्हटले तर ते परके वाटते, एखाद्या समारंभातल्या आभारप्रदर्शनासारखे. म्हणून शब्द न शोधता आपल्याला काय दिसले ते सांगावे. ‘आई, आज आमटीत चिंच-गूळ अगदी बेताचा पडलाय’ किंवा ‘वहिनी, तुम्ही काल रात्री बाबांची औषधे लावून ठेवलीत, म्हणून मला सकाळी वेळेवर निघता आले’ एवढे वाक्य पुरते, कारण त्यात आपले लक्ष होते हे समोरच्याला कळते. जुन्या शिक्षकांसारख्या दूरच्या व्यक्तीला मात्र पत्र लिहावे आणि जमल्यास ते स्वतः जाऊन वाचून दाखवावे.

एक पथ्य मनापासून सांगावेसे वाटते. दुःखात असलेल्या माणसाला ‘बघ, तुझ्याकडे किती आहे’ असे कधीही सुनावू नये, आणि स्वतःवरचा अन्याय झाकण्यासाठीही ही वही वापरू नये. ज्या दिवशी काही सुचत नाही, त्या दिवशी पान कोरे राहू द्यावे.

आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई तीन मजले चढून येतात आणि मी कित्येक वर्षे दार किलकिले करून डबा बाहेर सरकवत असे. त्यांच्याविषयी वहीत लिहायला बसलो, तेव्हा त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही, हे लक्षात आले. दुसऱ्या दिवशी नाव विचारले, दोन मिनिटे बोललो, आणि बोलता बोलता त्यांनी ओल्या कचऱ्यातल्या काचेने कापलेला तळहात दाखवला. तेव्हापासून काही फुटले की ते तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून, मी ती पुडी त्यांच्या हातात वेगळी देतो.