स्टॉक सायलेन्सर काळा करायचाय? स्प्रेचा डबा नंतर, आधी गंज बघा

गोव्यात दोन पावसाळे काढले की बाईकच्या क्रोमच्या सायलेन्सरचे पापुद्रे निघायला लागतात, दर्याची खारी हवा आणि त्यात फेरीबोटीवर उडणारं पाणी, काय टिकणार सांगा. मग कोणीतरी म्हणतंच, काढून टाक आणि आवाजवाला घाल. माझं म्हणणं, स्टॉकच, म्हणजे कंपनीचाच, ठेवा आणि घरच्या पडवीत मॅट ब्लॅक करा. आतल्या बॅफलला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पडद्यांना, हात लावायचा नाही, आणि बीएस 6 गाडीत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो तर अजिबात छेडू नका.

आधी पान्याच्या दांड्याने सायलेन्सर खालून ठोकून बघा. ठणठण वाजला तर ठीक, थपथप वाजला किंवा आतून पोपडे खुळखुळले तर तो आतून कुजलाय, त्यावर रंग म्हणजे पैसे पाण्यात. कारण साधं आहे, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, घर ते बाजार एवढीच गाडी फिरली तर पाईप नीट तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. बारीक भोक पडलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे न्या, पण पॅचला छपराचा जस्ती पत्रा देऊ नका, जस्ताचा धूर वाईट.

आता काढायचं काम. बेंड पाईपचे, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे येणाऱ्या वाकड्या पाईपचे, नट इंजिनच्या हेडपाशी असतात, गंजलेले असणारच, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑईल मारून ठेवा आणि सकाळी थोडं पुढे थोडं मागे करत सोडवा. मी एकदा घाईत पान्याला पाईप लावून जोर मारला आणि स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, अर्ध्यात तुटला, मग चवथीच्या आदल्या दिवशी गाडी टेंपोत घालून मेकॅनिककडे, घरचे अजून चिडवतात. ऑक्सिजन सेन्सर असेल तर पाईप हलवायच्या आधी त्याचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढा, वायर पिळली की संपलं.

खरी मेहनत घासण्यात आहे. ड्रिलला वायर ब्रश लावून सुटा गंज काढा, चष्मा घाला हं, तारा उडतात. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 240. क्रोम चकचकीत राहिला तर रंग धरतच नाही, सगळीकडे मंद, खरखरीत दिसेपर्यंत घोटायचं. नंतर थिनरने पुसा आणि त्यापुढे उघड्या हाताने धरू नका, बोटाचं तेल लागलं की तिथूनच रंग सुटतो.

रंग 600 डिग्रीचा हीटप्रूफ स्प्रे घ्या, साधा काळा पहिल्याच दिवशी जळून वास मारतो. जुलैत हे काम नको, हवा दमट एवढी की रंग पांढरा पडतो, ऊन बघून सकाळी दहानंतर करा. वीतभर लांबून तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. सायलेन्सरच्या खाली पाणी गळायला बारीक भोक असतं ते रंगाने बुजवू नका. आणि तो पाईपला गुंडाळायचा कापडी हीट रॅप गोव्यात घालूच नका, ओला राहतो आणि आतल्या आत पाईप खातो.

बसवताना बेंडची तांब्याची गॅस्केट, म्हणजे सांध्यातली रिंग, नवी घाला, सगळे नट आधी हाताने लावा, मग हेडकडचे दोन आळीपाळीने आवळा आणि ब्रॅकेटचा बोल्ट सगळ्यात शेवटी. मग उघड्यावर, पडवीत नाही, दहा मिनिटं आयडल, पूर्ण थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं, समोर टेबल फॅन ठेवा नाहीतर एअरकूल्ड इंजिन तापतं. पहिल्यांदा धूर येईल, घाबरू नका, रंग पिकतोय. तोपर्यंत पाईपवर नख लावून बघायचं नाही, मला माहितीय हात शिवशिवतो.