सेकंडहँड व्ही८ एसयूव्ही बघायला जाण्याआधी

पोर्शे केयेन टर्बो, बीएमडब्ल्यू एक्स५ एम, मर्सिडीज-एएमजी जीएलई, रेंज रोव्हर स्पोर्ट एसव्हीआर, ऑडी आरएस क्यू८, या व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरच्या गाड्यांपैकी काहीही जुनं घ्यायचं असेल तर सगळ्यात आधी हे लिहून ठेवा: गाडी थंड बघायची. रात्रभर जागेवरून हललेली नको, सकाळी कुणी सेल मारलेला नको. मागच्या खेपेला मी टायरपासून टीसीएस करापर्यंत सगळं तपासलं आणि एवढंच विसरलो. गाडी भर दुपारी, एसी लावून तयार ठेवलेली बघितली, आणि थोड्याच दिवसांत सस्पेन्शनचं बिल भरलं. त्यामुळे ही यादी एकाच बाजूला कलंडलेली वाटेल. वाटू दे.

पैशाचं आधी उरकतो. आरएस क्यू८ ऑगस्ट २०२० मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम दोन कोटी सात लाख होती. लॅम्बोर्गिनी उरूस २०१८ मध्ये तीन कोटींना आली. आज अशा गाड्या जुन्या बाजारात निम्म्या-पाऊण भावात दिसल्या की हात शिवशिवतात. पण ब्रेक, टायर, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं ऑइल हे सगळं अजून दोन कोटींच्या गाडीच्याच दराने मिळतं. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल तर नवी साधी गाडी घ्या, सुखी राहाल. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. त्याआधी एसयूव्हीवर २८ अधिक २२ असे ५० टक्के बसत होते. विकणारा त्याचं जुनं बिल पुढे सरकवून ‘एवढ्याला घेतली होती’ म्हणेल. त्याला आजची नवी किंमत विचारा आणि तिथून खाली या.

मग इंजिनाची माहिती. सगळ्या गाड्यांची नको, जी बघायला जाताय तिची. बीएमडब्ल्यूच्या ४.४ लिटर व्ही८ मध्ये टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारे पंप) सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेले असतात. जागा वाचते, प्रतिसाद झटकन मिळतो, आणि आजूबाजूची रबरं, सील, पाइप उष्णतेने भाजून निघतात. या इंजिनाचा साधा भाऊ एन६३, त्याच्यासाठी कंपनीने अमेरिकेत खास दुरुस्ती योजना काढली होती. रेंज रोव्हरच्या ५ लिटर सुपरचार्ज्ड इंजिनात प्लास्टिकचे कूलंट पाइप आणि सुरुवातीच्या वर्षांतली टायमिंग चेन बघायची. पहिल्या पिढीच्या ४.५ लिटर केयेनमध्येही इनटेकखालचे प्लास्टिकचे कूलंट पाइप तडकायचे. ते बदलून धातूचे घातलेत का, बिल दाखवा म्हणायचं. यातले बरेचसे दोष गरम इंजिनावर दबून राहतात आणि थंड इंजिनावर बोलायला लागतात.

फोनवरच ठरवा. ‘आज संध्याकाळी पाच मिनिटं डोकावतो, गाडी उद्या सकाळी बघतो, मी येईपर्यंत कुणी चालू करायची नाही.’ यार्डवाला म्हणेल, साहेब आम्ही रोज सकाळी सगळ्या गाड्या चालू करतो, नाहीतर बॅटरी उतरते. खरं आहे, करतात. म्हणूनच सांगायचं, एक दिवस ही एक गाडी सोडा. बॅटरी एका रात्रीत उतरत असेल तर तेही मला बघायचंच आहे. यावर त्याने आढेवेढे घेतले, ‘धुवायला न्यावी लागेल’, ‘जागा बदलावी लागेल’ असं काही काढलं, तर दुसरी गाडी शोधा. कितीही गोड बोलला तरी. सोबत चहा पाजला तरी.

संध्याकाळी जाल तेव्हा तीन कामं. ओडोमीटरचा फोटो, आकडा नीट वाचता येईल असा. मग सस्पेन्शन नॉर्मल उंचीवर लावून शिंप्याच्या टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि लिहून ठेवायचं. आणि खाली रद्दीचे पेपर पसरून यायचं, इंजिनाखाली, गिअरबॉक्सखाली, मागच्या डिफरन्शियलखाली. लोक हसतील. हसू द्या.

सकाळी पोचल्यावर कुणालाही गाडीजवळ जाऊ न देता आधी बॉनेटवर हात. मग ओडोमीटरचा आकडा तोच आहे का बघा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर सोबत असेल तर, आणि असावाच, इंजिन चालू न करता फक्त इग्निशन देऊन कूलंटचं तापमान वाचा. बाहेर २२ अंश असताना स्क्रीनवर ६० च्या पुढचा आकडा दिसला तर कुणीतरी पहाटे उठून तुमच्यासाठी गाडी तापवून ठेवलेली आहे. तिथेच नमस्कार करायचा. कारण विचारत बसू नका.

तापमान जुळलं, तर परत टेप काढा. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी रात्रभरात चारही बाजूंनी थोडी खाली बसली तर घाबरायचं कारण नाही, काही गाड्या पार्क केल्यावर स्वतःच उंची सारखी करून घेतात. एकच कोपरा दोन-तीन बोटं बसला असेल तर त्या चाकाचा फुगा गळतोय. दिवसा हे का दिसत नाही? कारण इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर हवा भरत राहतो, गळती झाकली जाते आणि गाडी राजासारखी ताठ उभी दिसते. असा रोज ओव्हरटाइम करून कॉम्प्रेसरही जळतो, म्हणजे बिल फुग्याचं आणि कॉम्प्रेसरचं. एकदा चालू केल्यावर कॉम्प्रेसरची घरघर किती वेळ चालते ते ऐका. मर्सिडीज-एएमजी जी ६३ ला साध्या स्प्रिंग आहेत, तिथे हा परिच्छेद सोडून द्या.

आता पेपर बघा. तपकिरी डाग ऑइलचा, गुलाबी किंवा निळसर आणि गोडसर वास येणारा कूलंटचा, नुसतं पाणी एसीचं. कूलंट वाळल्यावर जोडांवर पांढरट-गुलाबी खरपुडी धरतो, टॉर्च मारून शोधा.

आणि मग सेल. एका माणसाला आत बसवा, तुम्ही बाहेर, मोबाइलचा व्हिडिओ चालू, आधी मागे सायलेन्सरपाशी आणि मग पुढे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड झाली तर चेन किंवा तिचा टेन्शनर. निळा धूर आला तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर ऑइल झिरपलंय. टर्बोमुळेही येऊ शकतो, ती शंका वेगळी. थंडीत पांढरी वाफ चालते, पण ती मिनिटा-दोन मिनिटांत थांबायला हवी आणि तिला गोड वास नको. सुपरचार्ज्ड रेंज रोव्हरमध्ये पुढून पिशवीत खडे हलवल्यासारखा आवाज आला तर सुपरचार्जरच्या आतला कपलर. टिक-टिक असा आवाज येऊन पाच मिनिटांनी विरला, तर खुश होऊ नका: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटलेला बोल्ट असू शकतो, धातू तापून फुगला की फट बुजते. दुपारी गेला असता तर हा आवाज तुम्हाला ऐकूच आला नसता. पहिला मिनिटभर इंजिन जास्त फिरणं आणि एखादा पंप घूं करणं हे मात्र नेहमीचं, त्यावरून भाव पाडायला जाऊ नका, हसं होईल.

एकच गोष्ट गरम इंजिनावर करायची, ऑइलची पातळी. यातल्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते, स्क्रीनवर मोजावं लागतं आणि ते इंजिन तापल्यावरच दिसतं. या इंजिनांना साधारण आठ-दहा लिटर लागतं, म्हणून ‘थोडं कमी आहे’ हे थोडं नसतं.

चालवून बघताना सगळेच अॅक्सिलरेटर दाबून बघतात. ते बघाच, पण जास्त कळतं हळू चालवल्यावर. तीस-चाळीसच्या वेगात हलका पाय देऊन सोडा, परत द्या. धक्का बसला, गाडी अडखळली तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) संशय घ्या. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. खड्ड्याच्या रस्त्यावरून न्या, असा रस्ता शोधावा लागत नाही. परत आल्यावर दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा आणि बॉनेट उघडून वास घ्या.

मग रॅम्प. यार्डच्या मेकॅनिकचा नाही, तुमच्या ओळखीच्या किंवा त्या ब्रँडच्या वर्कशॉपचा, पैसे भरून. सगळ्या मॉड्यूलमधले (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधले) किलोमीटर वाचायला सांगा, नुसत्या मीटरवरचे नाही. एरर कोड एकही नसणं ही फार आनंदाची गोष्ट नाही. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते सांगणारे) ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. ताकद वाढवायला रीमॅप, स्टेज १, मोकळा डाउनपाइप असं काही करून परत मूळ स्थितीला आणलंय का विचारा. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या; गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. सर्व्हिसचा इतिहास चॅसिस नंबरवरून निघतो, पण वर्कशॉप तो बहुतेक मालकालाच देतं, म्हणून मालकाकडूनच मागवा. आणि गाडी रॅम्पवर नेण्याआधी तुमची सकाळची थंड तपासणी झालेली असली पाहिजे, वर्कशॉपपर्यंत चालवत नेली की ती संधी गेली. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय.

मुंबई-ठाण्याची गाडी असेल तर पाणी. कार्पेट उचला, सीटखालची रुळं बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का बघा. केयेनसारख्या गाड्यांत बॅटरी सीटखाली असते, इतरही मॉड्यूल कार्पेटखाली असतात. गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली गाडी वर्षभराने एकेक वेडेपणा करायला लागते.

टायर: बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पोर्शेला एन, मर्सिडीजला एमओ, बीएमडब्ल्यूला चांदणी अशी खूण असते, ती चारही टायरांवर बघा. एक्स५ एम कॉम्पिटिशनला पुढे २१ आणि मागे २२ इंची चाकं, म्हणजे पुढचे मागे फिरवणं विसरा. चार चाकांवर वेगवेगळ्या झिजेचे टायर असले की ट्रान्सफर केस भोगते. केयेनला पिवळे कॅलिपर दिसले तर सिरॅमिक ब्रेक. डिस्कची किंमत आधी विचारा, मग कौतुक करा.

कागदपत्रं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. ट्रान्सफरला २९ आणि ३०. परराज्यातली असेल, दिल्ली किंवा पाँडिचेरी पासिंग, तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरूनच सौदा करा. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथलं पासिंग लागतंच, आणि मूळ राज्यात भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवणं हे वेगळं प्रकरण आहे. डीलरकडून घेतली तर दहा लाखांवर एक टक्का टीसीएस, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो. ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर, नाहीतर क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. इन्शुरन्सला ‘इंजिन प्रोटेक्ट’चं जादा कवच जोडून घ्या.

नवी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: चॅसिस नंबरवरून कोणत्या महिन्यात बनली ते बघा, वर्ष उलटलेली गाडी नव्या भावात घेऊ नका. वैयक्तिक नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५, कंपनीच्या नावावर किंवा आयात असेल तर २० टक्के रोड टॅक्स. या टॅक्सची कमाल मर्यादा २०२५ मध्ये वीस लाखांवरून तीस लाखांवर गेली, जुन्या हिशेबात राहू नका. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ई१० लिहिलंय की ई२० (पेट्रोलमध्ये किती टक्के इथेनॉल चालतं) ते जुनीवालाही बघेल तर बरं.

ताब्यात घेताना: दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचं पुस्तक, फास्टॅग बंद किंवा बदली, एचएसआरपी प्लेट. बूटमधला जॅक आणि हवेचा पंप. आणि चाकाच्या लॉकिंग बोल्टचा तो छोटा अॅडॉप्टर, तो नसेल तर पंक्चरवाला चाकाला हातही लावणार नाही.