शाकाहारी घरातलं कुत्रं आणि मांजर: वाडग्यात काय वाढायचं?

घरात मांजर असेल तर खालच्या सहा पायऱ्या मोजत बसू नका, त्या कुत्र्यासाठी आहेत. मांजराला मांस-मासे लागतातच. टॉरिन हे मांस-माशांत मिळणारं पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, आणि डाळ-तांदळात ते नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून निकामी होतं. हृदयरोगाचा हा धागा कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली उलगडला, तोही बाजारातलं तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांमध्ये. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून कुत्रं अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला तेही जमत नाही. वरून टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्य मिळतं, पण त्याने लघवी अल्कधर्मी होऊन खडे होण्याची भीती असते. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

"गावाकडची मांजरं दूधभातावरच जगली" असं मला अजूनही ऐकवतात. ती कणगीमागच्या उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर जगली. फ्लॅटमधल्या मांजराला हे कुठून मिळणार? आमच्याकडे चिंगीचा डबा, चमचा आणि वाटी गॅलरीत वेगळी असते. आई डबा उघडताना नाकाला पदर लावते, पण न चुकता उघडते.

कुत्र्याचं वेगळं आहे. माणसाजवळ राहून राहून त्याला पिष्टमय अन्न पचवायची ताकद आली आहे. निरोगी, वाढ पूर्ण झालेलं कुत्रं शाकाहारावर चांगलं राहू शकतं, पण ते नीट केलं तरच.

१. आधी वय बघा. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री असेल तर हा प्रयोग नको.

२. तयार खाद्य की घरचं, ते ठरवा. वेळ नसेल तर तयार शाकाहारी खाद्य घ्या. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि प्रौढ कुत्र्यांसाठी असं दोन्ही लिहिलेलं हवं. नुसतं 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते पोटभर जेवण नव्हे.

३. शिजवा. आमच्या १६ किलोच्या गुंडीला दिवसभरात १०० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम मूगडाळ, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या (तिन्ही मापं कच्ची), दोन उकडलेली अंडी, लाल भोपळ्याची फोड आणि चमचाभर तेल. डाळ पार गळेपर्यंत शिजवा. आपली आमटी वाढू नका, फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो.

४. उणीव भरून काढा. मी चुकलो ते इथेच. पहिलं वर्षभर गुंडीला वरण-भात-दही दिलं. ती आवडीने खायची, वजनही ठीक होतं, म्हणून मी निश्चिंत. मग तिच्या ओठांच्या कडेला आणि डोळ्यांभोवती खपल्या धरल्या, तळपाय भेगाळले. मी दोन महिने खोबरेल चोळत बसलो. जस्त कमी पडलं होतं. डाळी आणि धान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, त्यामुळे पोटात गेलं तरी ते अंगी लागत नाही. बाहेरून तेल लावून ते भरून निघत नाही.

दुसरी उणीव कॅल्शियमची. डाळ-तांदळात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. हे प्रमाण वर्षानुवर्षं बिघडलेलं राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. दही-दुधाने एवढी तूट भरत नाही. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरमधून पिठासारखी बारीक करा. गुंडीएवढ्या कुत्र्याला रोज अर्धा लहान चमचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम.

घरातल्या आजोबांच्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कधीही घालू नका. त्यांत बहुधा डी-३ जीवनसत्त्व असतं आणि त्याचा अतिरेक कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतो. उलट डी मुळीच नसूनही चालत नाही, कारण कुत्रं उन्हात बसून ते पुरेसं बनवू शकत नाही. म्हणून जस्त, डी, बी-१२ आणि आयोडीन असलेली कुत्र्यांसाठीचीच पूड पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्या. खाद्याचा कागद बरोबर न्या, "सगळं खाते" एवढंच सांगू नका.

आणि अंडं. ते चालत असेल तर द्याच. डाळींत मेथिओनिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो आणि कुत्र्याचं शरीर टॉरिन बनवतं ते त्यातूनच, सिस्टीन या तशाच दुसऱ्या घटकाच्या जोडीने. अंड्यात दोन्ही भरपूर. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, म्हणून गॅलरीत वेगळी शेगडी आणि एक पातेलं ठेवलंय. अंडंही नको असेल तर घरचं शिजवणं सोडा आणि तयार खाद्य घ्या, हे माझं ठाम मत आहे.

५. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

६. तपासत राहा. महिन्याला वजन, सहा महिन्यांनी रक्ततपासणी. कुत्रं फिरताना मध्येच बसू लागलं, रात्री खोकू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि हृदयाची सोनोग्राफी करायला सांगा.