बडोद्यात घर सोयीचं करून देताना: ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या छोट्या व्यवसायासाठी

म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला घरात सहज वावरता यावं म्हणून घर तपासून बदल सुचवायचे, हा हा व्यवसाय. यात पैसे मिळायला हवेत ते तपासणीचे. वॉकर, कमोड खुर्ची, ग्रॅब बार (भिंतीत बसवायची आधाराची दांडी) बाजारात कुणालाही मिळतात. म्हणून तपासणीची फी वेगळी लावा, मिस्त्रीची मजुरी आणि सामानाचं बिल वेगळं. दुकानदाराचं कमिशन घेऊच नका. ते घेतलं की गरज नसलेली वस्तूही गरजेची वाटू लागते. दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या वस्तीत घरं एकमेकांना ओळखतात, तिथे गेलेला विश्वास परत येत नाही.

पहिल्या भेटीला दीड तास धरा. पिशवीत पाच मीटरची टेप, स्पिरिट लेव्हल, टॉर्च, मास्किंग टेप आणि २६ इंच लांबीची पुठ्ठ्याची पट्टी हवी. साधारण व्हीलचेअर तेवढी रुंद असते. पट्टी चौकटीत आडवी धरली की खुर्ची जाईल की नाही हे त्या माणसाच्या पुण्यात राहणाऱ्या मुलालाही व्हिडिओ कॉलवर दिसतं.

टेप नंतर काढा. आधी माणसाची हालचाल बघा. "संडासला जाता येतं ना?" असं विचारलं तर उत्तर हमखास "हो" येतं. त्याऐवजी "आजी, रात्री उठता तसं उठून दाखवा" म्हणा आणि सावरता येईल एवढ्या अंतरावर उभे राहा. उठताना त्यांचा हात भिंतीवर आपसूक जिथे टेकतो तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. थोडी विश्रांती देत तीनदा उठवा. तिन्ही तुकडे तळहाताएवढ्या जागेत आले तर बारची जागा ठरली. ३३ ते ३६ इंच ही नेहमी सांगितली जाणारी उंची फक्त अंदाजासाठी.

गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर अनवाणी मोजा. बसायची जागा त्याहून साधारण २ इंच उंच असली की उठणं हलकं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनची सूचना आधी. पलंगाखाली विटा ठेवू देऊ नका, त्या सरकतात. पलंग ४ इंच वर घ्यायचा तर साडेपाच इंची लाकडी ठोकळे करून घ्या आणि वर पायाच्या मापाची दीड इंच खोल खाच ठेवा.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते भिंतीत. जुन्या वाड्यांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या. ड्रिल करताना लाल पूड एकसारखी येत राहिली तर वीट आहे. पांढरट भुगा पडून बिट एकदम आत गेला तर चुन्याचा सांधा किंवा पोकळी. तिथे प्लॅस्टिकचा प्लग वरवर घट्ट वाटतो आणि माणूस घसरला की उपटून येतो. जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का होणारा बोल्ट) वापरा, किंवा भिंत पातळ असेल तर आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी द्या. टाइल ठोकून पाहा. पोकळ वाजली तर आधी ती बदला. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. बारचा पाइप ३२ मिलिमीटरचा, ३०४ ग्रेडच्या स्टीलचा. भिंतीपासून अंतर दीड इंच. जास्त ठेवलं तर पडताना कोपर आत अडकतं. काम झाल्यावर स्वतःचं पूर्ण वजन टाकून बार ओढून पाहा. व्हॅक्यूमने चिकटणारे बार नकोतच, आणि टॉवेलची दांडी आधाराला धरू नका हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

देशी संडासावर कमोड खुर्ची ठेवायची असेल तर भांड्याचा ओटा मोजा. तो उंच आणि अरुंद असला की खुर्चीचे दोन पाय वर, दोन हवेत. अशा वेळी पायांची उंची वेगवेगळी करता येणारी खुर्ची घ्या.

रॅम्पबद्दल हट्टी राहा. १ इंच चढाला १२ इंच लांबी लागते. घराचा ओटा १८ इंच असेल तर १८ फूट, आणि पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, तेवढी जागा नसते. मग मिस्त्री सहा फुटांत बसवतो, चढ १:४ होतो आणि खुर्ची मागे उलटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरल्यावर जोतं उंच करणाऱ्यांना हा हिशोब काम सुरू होण्याआधीच सांगा. जागा नसेल आणि माणूस आधाराने चालत असेल तर ६ इंचांच्या तीन पायऱ्या, प्रत्येकीवर पाऊल ठेवायची जागा किमान १२ इंच खोल, दोन्ही बाजूंना कठडा. अजिबात चालत नसेल तर बाहेर न्यायला दोन माणसं लागतील, हे अहवालात स्पष्ट लिहा.

मिस्त्रीला तोंडी सांगू नका. मापं इंचांत, खुणा गुजरातीत, एका कागदावर, आणि ड्रिलच्या वेळी हजर राहा.

दोन आठवड्यांनी पुन्हा जा, ही भेट फीमध्येच धरलेली असू द्या. बारवर टॉवेल वाळत असतील किंवा कमोड खुर्ची गॅलरीत गेली असेल तर रागावू नका. आजींना पुन्हा उठायला सांगा आणि हात आता कुठे जातो ते बघा.