आधी मैदान, मग कागद: लाइव्ह शोचा जोखीम-तक्ता भरताना

इव्हेंटच्या कोर्सला 'रिस्क असेसमेंट', म्हणजे धोक्यांचा तक्ता, हा असाइनमेंटचा विषय असतो आणि बरेच जण तो खोलीत बसून उरकतात. मागच्या बॅचची एक्सेल फाइल उघडायची, तारीख बदलायची, आग-पाऊस-गर्दीचे रकाने तसेच ठेवायचे. मार्क मिळतात. पण त्या तक्त्याच्या भरवशावर खरा शो उभा करू नका.

मी आधी मैदानावर जातो, आणि शोच्या वेळेलाच. शो संध्याकाळी सातचा असेल तर सातला. झाकण नसलेलं गटार दुपारी सगळ्यांना दिसतं, सातनंतर कोणालाच दिसत नाही. अग्निशमनाचा बंब आत येईल का, कमानीखालून जाईल का, ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा) उभा करायच्या जागेवरून विजेची तार गेली आहे का, हे बघायचं. मग मंडपवाल्याला गाठायचं. पाणी कुठे साचतं आणि जमीन कुठे भुसभुशीत आहे, हे त्याला कोणत्याही नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्यासोबत घेतलेला एक कटिंग चहा वाया जात नाही.

तक्त्यात शक्यतेला १ ते ५, परिणामाला १ ते ५ गुण देतात आणि त्यांचा गुणाकार करतात. नवखी मुलं अमुक धोका १२चा की १५चा यावर तासभर वाद घालतात. तो आकडा फक्त आधी कशाला हात घालायचा हे ठरवायला असतो. खरं काम शेवटच्या तीन रकान्यांत असतं: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. 'सिक्युरिटी लक्ष ठेवेल' असं तिथे लिहिलं असेल, तर तो रकाना रिकामाच समजा. तिथे माणसाचं नाव हवं आणि त्याला ते माहीत हवं.

आपल्याकडे पाऊस सगळ्यांच्या लक्षात असतो, वारा मात्र विसरला जातो. स्टेजमागे स्पॉन्सरचा २० बाय ४० फुटांचा फ्लेक्स लावला आहे असं धरा, म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरचा झोत त्यावर चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा दाब देतो. ढोबळ हिशेबाने पावणेदोन टनांचा रेटा झाला. वेग निम्मा असेल तर रेटा चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी येणारी वावटळ काय करते, ते १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरला कोसळलेल्या होर्डिंगने दाखवलं. त्यात १७ जण गेले. म्हणून शक्य तिथे जाळीचं कापड वापरा, सांगाड्याचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या, आणि त्याच्याकडून दोन आकडे लिहून घ्या: कोणत्या वेगाला फ्लेक्स उतरवायचा आणि कोणत्या वेगाला स्टेज रिकामं करायचं. वेग मोजायचं यंत्र ट्रसच्या माथ्यावर हवं, खाली खुर्चीशेजारी नको.

१३ ऑगस्ट २०११ला अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळी झोताने स्टेजचं छत कोसळलं आणि ७ जणांचा मृत्यू झाला. सांगाडा नियमांत बसणारा नव्हताच, पण शो थांबवायचा अधिकार नेमका कोणाचा, हेही स्पष्ट नव्हतं, असं तपासात निघालं. मला यातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. आपल्याकडे आयोजक, स्पॉन्सर, पाहुणे नेते आणि कलाकाराचा मॅनेजर हे सगळेच स्वतःला मालक समजतात. म्हणून शो थांबवणाऱ्या एकाच माणसाचं नाव आदल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तो पैसे घालणारा नसला तर उत्तम. घोषणेची वाक्यं मराठी-हिंदीत आधीच लिहून निवेदकाच्या हातात द्या आणि गायकालाही सांगून ठेवा. संगीत बंद करायचं, पण साऊंडची वीज तोडायची नाही, नाहीतर घोषणा कशावर करणार? मैदानातले दिवेही घोषणेआधी लागले पाहिजेत.

गर्दीचा धोका स्टेजसमोरच असतो, हा एक गैरसमज. २५ नोव्हेंबर २०२३ला कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशासाठी आत घुसले आणि प्रवेशाजवळच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन ४ जणांचा जीव गेला. म्हणजे गेटवर उतार किंवा पायऱ्या आहेत का, बाहेर थांबलेल्यांना आडोसा आहे का, हे प्रश्न तक्त्यात वरच्या ओळींत यायला हवेत. पाऊस आल्यावर लोक कोणत्या दिशेला धावतील, ते गेटवर उभं राहूनच कळतं.

विजेचं थोडक्यात: जनरेटरचं अर्थिंग वायरमनकडून तुमच्यासमोर तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला लावा, लोक अडखळू नयेत म्हणून वायरींवर रॅम्प टाका. स्टेजखालची जागा मोकळी ठेवा. रिकामे खोके, पडदे, डिझेलचे कॅन तिथे हमखास सरकवले जातात. १४ फेब्रुवारी २०१६ला गिरगाव चौपाटीवर कार्यक्रम चालू असताना स्टेजला आग लागली. हजारोंची गर्दी होती, पण लोकांना वेळेत बाहेर काढलं आणि कोणी दगावलं नाही. बाहेर पडायचे रस्ते मोकळे ठेवण्यावरून मंडपवाल्याशी भांडण झालं तरी चालेल, असं मी तेव्हापासून मानतो.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर तो टळत नाही. पाहुणे उशिरा आले की सगळा ताण साऊंडचेकवर येतो आणि मग बॅरिकेड नीट न लावताच गेट उघडली जातात. मी शेवटचं गाणं साडेनऊला संपेल असंच वेळापत्रक आखतो. आयोजक कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

स्टेज उतरवण्यासाठी तक्त्यात वेगळं पान ठेवा. तेव्हा पोलीस गेलेले असतात, मुलं पहाटेपासून राबलेली असतात आणि ट्रक लवकर सोडायची घाई असते. त्या पानावर कोणाच्या डोक्यावर हेल्मेट, कोणाच्या हातात दोर, वर चढणाऱ्याला हार्नेस (पडू न देणारा पट्टा) कोण देणार आणि जेवण किती वाजता, हे सगळं लिहा.